ट्रॅपमधलं पेलाभर पाणी

मी आजवर बरीच पत्रकं लिहिली. नाल्यावर, बंद पडलेल्या बसफेऱ्यांवर, मुलींच्या शाळेतल्या संडासांवर. बहुतेकांच्या पुड्या झाल्या. माझ्याच पत्रकात बांधलेले चुरमुरे मी विकत घेऊन खाल्ले आहेत. पण एक पत्रक लोकांनी वाचलं, आणि एका माणसानं तर ते शब्दाला शब्द धरून पाळलं. त्या माणसाला आता डाव्या कानानं ऐकू येत नाही.

पत्रक डेंग्यूचं होतं. शुक्रवार पेठेत, जिथं मी खोली घेऊन राहते, तिथं त्या वर्षी गल्लीत घराआड एक जण तापानं फणफणत होता. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. म्हणून लोक पिंपं, हंडे, कळश्या, हाताला लागेल ते भरून ठेवतात, आणि डास त्यातच वाढतात. यात लोकांची चूक किती आणि पाणी न सोडणाऱ्यांची किती, हा वाद मी कुणाशीही घालायला तयार आहे. पण पत्रकात वाद घालायला जागा नसते. मी लिहिलं: 'शनिवार, कोरडा दिवस. घरात, दुकानात, कचेरीत, जिथं म्हणून पाणी साचलं असेल ते भांडं ओता, पुसा, कोरडं करा. पेलाभर पाणीसुद्धा सोडू नका. डासाला पेला पुरतो.'

शेवटची दोन वाक्यं मला फार आवडली होती. मी ज्या संघटनेत काम करते तिथले सगळे म्हणाले, जमलंय. खाली नेहमीप्रमाणे संघटनेचं नाव टाकलं. माझं नाही.

दिवसा मी एका कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागात कंत्राटी सहायक होते. तिथले शिपाई, म्हणजे कागदोपत्री प्रयोगशाळा परिचर, आमचे मामा. मोडनिंबकडचे. निवृत्तीला वर्ष-दीड वर्ष राहिलेलं. त्यांनी माझं पत्रक घेतलं, लॅमिनेट करून आणलं आणि काचसामानाच्या कपाटावर आतल्या बाजूनं चिकटवलं. त्यानंतर एकही शनिवार चुकला नाही. दुपारी बारा वाजले की मामा सुती फडकं घेऊन निघायचे. बादल्या, सिंकखालची ताटली, फ्रीजमागचा ट्रे, कुंडीखालची थाळी. ओतायचं, पुसायचं, पालथं घालायचं. मला हाक मारून दाखवायचे, "ताई, बगा. पेलाभर बी न्हाय."

मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू, लई बरं वाटायचं.

पुढच्या वर्षी विभागात नवं यंत्र आलं. लांबलचक इंग्रजी नाव आहे. आम्ही एएएस म्हणायचो, मामा 'ज्योतीचं मशीन' म्हणायचे. काम समजायला सोपं आहे. पाण्याचा नमुना बारीक फवारा करून ज्योतीत सोडायचा. ज्योतीतून एका खास दिव्याचा उजेड आरपार जातो. पाण्यात शिसं असेल तर ते त्यातला थोडा उजेड गिळतं. किती गिळला त्यावरून शिसं किती ते कळतं. ज्योत पेटते ॲसिटिलिन गॅसवर, वेल्डिंगवाले वापरतात त्याच.

मला ते यंत्र कॉलेजसाठी नको होतं, मला विहिरींसाठी हवं होतं. कपड्याला रंग देणाऱ्या कारखान्यांमागून एक नाला जातो. कुठल्या दिवशी काय रंगवलं ते नाला बघून सांगता येतं. त्याच्या काठच्या वस्तीत लोक विहिरींचं पाणी पितात. आम्ही तीन पत्रकं काढली होती, दोनदा निवेदन दिलं होतं. शेवटच्या बैठकीत पाणीखात्याचे साहेब माझ्यासमोर कागद सरकवून म्हणाले होते, "पत्रक नको. आकडा आणा." तेव्हापासून माझ्या डोक्यात एवढंच होतं. आकडा.

असं यंत्र बसवायचं म्हणजे टेबलावर ठेवून वायर खोचायची, असं आमच्या सरांना, म्हणजे विभागप्रमुखांना, वाटत होतं. कंपनीचा इंजिनिअर पुण्याहून आला. माझ्याच वयाचा, किरकिऱ्या मुलगा, पण कामाला पक्का. आल्या आल्या त्यानं निम्म्या तयारीवर काट मारली.

गॅसची नळी टाकायला सरांनी एसी दुरुस्त करणारा फिटर बोलावला होता. तो तांब्याच्या नळीचं भेंडोळं खांद्यावर टाकून हजर. इंजिनिअर ओरडलाच.

"हे कुणी आणलं? ॲसिटिलिनला तांबं?"

"एसीला ह्येच लावतो की साहेब. एक नंबर माल हाय," फिटर म्हणाला.

"तांब्याला ॲसिटिलिन लागलं की आत खडा धरतो. तो खडा कधीतरी स्पॅनरच्या एका ठोक्यानं उडतो. तुम्ही असाल तेव्हाच उडेल असं नाही. तुमच्यानंतर जो येईल त्याच्या हातात उडेल."

त्यानं ते भेंडोळं स्वतः उचलून व्हरांड्यात नेऊन टाकलं. स्टीलची नळी यायला आठवडा गेला. मामा माझ्या कानाशी म्हणाले, "तांबं बी चालत न्हाय? देवाला चालतंय की." मी हसले. तुमच्यानंतर जो येईल, हे मात्र डोक्यात अडकून राहिलं.

सिलिंडर इमारतीबाहेर जाळीच्या खोलीत, उभा, साखळीनं बांधलेला. आडवा झाला की गॅसबरोबर आतलं द्रावणही नळीत येतं, म्हणून आडवा कधीच नाही. वर पत्रा होता, आणि आपल्याकडचा पत्रा म्हणजे तवाच. मामांनी पत्र्यावर गोणपाटं टाकली आणि ऊन असेल त्या दिवशी ती भिजवायची जबाबदारी घेतली. ज्योतीवरचा पंखा खेचतो की नाही ते बघायला इंजिनिअरनं कागदाची पट्टी मागितली. माझ्या पिशवीत पत्रकंच होती. मी एकाची पट्टी फाडून दिली, ती वर खेचली गेली, फडफडली. सांध्यांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचं काम मामांचं. एका सांध्यावर बारीकसा बुडबुडा धरला तो त्यांनीच पकडला.

"वासही लक्षात ठेवा," इंजिनिअर म्हणाला. "ॲसिटिलिनला लसणासारखा वास येतो. लसणाचा वास आला की आधी गॅस बंद. मग काय बोलायचं ते बोला."

मामा म्हणाले, "मंग माजा डबा रोजच गळतोय म्हना की."

सगळे खदखदून हसलो. मामांच्या डब्यात भाकरी आणि शेंगाचटणी ठरलेली, आणि मामींच्या हाताला लसूण सढळ. डबा उघडला की विभागभर कळायचं. त्या दिवसापासून डब्याला प्रयोगशाळेत बंदी. तो बाहेर कट्ट्यावर.

आता ट्रॅपचं सांगते, कारण सगळं तिथंच घडलं.

यंत्रात जेवढं पाणी फवारलं जातं त्यातलं थोडंच ज्योतीत जातं. बाकीचं खालून एका नळीनं टेबलाखालच्या कॅनमध्ये पडतं. त्या वाटेवर एक प्लास्टिकचा पेला असतो, त्याला ट्रॅप म्हणतात. त्यात कायम पाणी भरलेलं हवं. ते पाणी म्हणजे बूच. ते नसेल तर गॅस ज्योतीकडे जायच्या ऐवजी खाली कॅनकडे पळतो, आणि मग ज्योत गॅसचा माग काढत उलटी आत शिरते.

हे इंजिनिअरनं नीट, चित्र काढून समजावलं. दहा मिनिटं. सर होते, मी होते. मामा नव्हते. मामांना चहा आणायला पाठवलं होतं.

मीच पाठवलं होतं. "मामा, जरा चार चहा सांगता का?" ज्या माणसाचे हात रोज त्या यंत्राच्या खाली, मागे, आत जाणार होते, त्याला मी चहाला पाठवलं, आणि ज्यांना पेला आणि ट्रॅप यातला फरक पुस्तकातून कळला असता अशा दोघांनी उभ्यानं शिकून घेतलं. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर मी त्याच्यावर पत्रक काढलं असतं.

पूजा झाली. सरांना हौस. इंजिनिअरनं उदबत्ती, निरांजन दोन्ही दाराबाहेर ठेवायला लावलं, नारळ पायरीवर फुटला. मामी आल्या होत्या, मुद्दाम इरकल नेसून. मामांनी त्यांना बाहेरची सिलिंडरची खोली दाखवली, साखळी दाखवली. त्या बराच वेळ त्या साखळीकडे बघत राहिल्या. मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "पोरी, खरं सांग. एवडं बांदून घालायला लागतंय म्हंजी काय तरी आसंल की. ह्यास्नी काय हुनार न्हाय ना?"

"काही होत नाही मामी. मी आहे ना."

"तू हायस म्हनूनच इचारतीया," त्या म्हणाल्या.

तो शब्द मी दिला होता. कुणी मागितला म्हणून, नीट डोळ्यात बघून.

दोन आठवडे यंत्र बरं चाललं. मग एका सकाळी पडद्यावर ओळ आली: ट्रॅपमध्ये पाणी कमी. ज्योत पेटेना. बघितलं तर ट्रॅप भरलेला. त्यात टाकीत असतो तसा छोटा तरंगता गोळा असतो. पाणी कमी झालं की तो खाली बसतो आणि यंत्र पेटूच देत नाही. आम्ही ट्रॅप बोअरच्या पाण्यानं भरला होता. आपल्या बोअरच्या पाण्यानं चहाच्या पातेल्याला जो पांढरा थर धरतो, तोच त्या गोळ्याला धरला होता, आणि गोळा खालीच चिकटून बसला होता. डिस्टिल्ड पाणी भरा, असं पुस्तकात लिहिलं होतं. डिस्टिल्ड पाणी दोन खोल्या पलीकडे होतं. आणायचा कंटाळा.

इंजिनिअर परत आला. खरवडायला गेला तर गोळ्याची दांडीच तुटली. "नवा मागवतो. तोवर बंद ठेवा," तो म्हणाला.

"किती दिवस?"

"तीन आठवडे धरा."

साहेबांबरोबरची पुढची बैठक बारा दिवसांवर होती. मी त्याच्या मागे लागले. मला मागे लागता येतं, तेच मी शिकलेय. म्हटलं, तुम्ही पुण्याचे, तुमचं काय जातं. इथं बायका त्या विहिरीचं पाणी लेकरांना पाजतायत. तुमच्या एका गोळ्यासाठी त्यांनी अजून थांबायचं का? सर मागून म्हणाले, "काही टेंपररी करता येतं का बघा ना."

त्यानं तुटलेली दांडी खिशात टाकली. मग म्हणाला, "मॅडम, गोळ्याच्या वायरीच्या दोन पिनांमध्ये तार टाकली की यंत्राला वाटतं गोळा वर आहे. पण मग त्याला काहीच कळणार नाही. पेटवायच्या आधी दर वेळी डोळ्यानं बघायचं. लिहून देता?"

मी लिहून दिलं: 'यंत्र सुरू करण्यापूर्वी ट्रॅप दररोज तपासला जाईल.' कोण तपासणार ते नाही लिहिलं. सरकारी पत्रांत अशी वाक्यं आली की मी त्यांची टर उडवायची.

त्यानं मागचं झाकण उघडलं आणि बोटाएवढी लाल तार पिनांत खोचली. ओळ गेली. ज्योत पेटली. निळी, सरळ. मामांनी टाळी वाजवली.

मी एक तक्ता करून भिंतीवर लावला. पंखा, सांधे, गॅसचा दाब, ट्रॅप. प्रत्येक दिवसापुढे चौकोन. मराठीत, ठळक अक्षरांत, छान केला होता. आठवडाभर मी रोज वाकून बघायची आणि मग खूण करायची. मग आधी खूण आणि मग बघणं, असं झालं. श्रावणातल्या त्या शुक्रवारी विहिरींचे नमुने तयार करताना हात मोकळा नव्हता. सोमवारी सकाळी घाई होणार, दुपारी बैठक, म्हणून मी सोमवारच्या खुणा शुक्रवारीच करून टाकल्या. चारही.

शनिवारी मी सुट्टी घेऊन वस्तीत गेले, उरलेल्या दोन विहिरींचे नमुने आणायला. मामा कामावर होते. दुपारी बारा वाजता त्यांनी फडकं घेतलं. बादल्या, ताटली, ट्रे, थाळी. मग टेबलाखाली वाकले. तिथं एक पेला, त्यात पाणी साचलेलं, वर पांढरा तवंग. पेला आट्यांचा, फिरवला की निघतो. त्यांनी तो काढला, ओतला, आतून बाहेरून पुसला, आणि होता तसा परत बसवला. नंतर त्यांनीच हे सांगितलं. पालथा घालता आला नाही याची त्यांना चुटपुट लागली होती.

सोमवारी मी साडेनऊला आले. बाटल्या ओळीनं मांडल्या. प्रत्येकीवर विहिरीची खूण. मामा चष्म्यावर सुरक्षा-गॉगल चढवायच्या खटपटीत होते. त्यांच्या जाड चष्म्यावर तो बसायचा नाही, वाफ धरायची.

"तक्ता बगायचा का ताई?"

"बघितलाय. चारही झालेत. चला."

पंखा लावला. हवा, गॅस, बटण. ज्योत पेटली, पण बसकी. एका अंगानं पिवळट. मला वाटलं सिलिंडर संपत आला असेल. मी गॅस थोडा वाढवला. आज आठवतं ते असं, की माझा हात ती कळ फिरवतोय आणि मला तो थांबवता येत नाही.

"ताई, लसनाचा वास येतोय की."

मी पडद्याकडे बघत होते. "मामा, डबा आत आणलात ना परत?"

"न्हाय वो."

"मग हात धुवा. चटणी बोटांना असेल."

"आज सोमवार हाय ताई. शिरावनी सोमवार. डबाच न्हाय आनला म्या. सकाळधरनं च्या बी न्हाय."

हे मी ऐकलं. ऐकलं नाही असं मी कुणालाही, कधीही सांगितलेलं नाही. उपासाच्या दिवशी, ज्या माणसाच्या पोटात, हातात, डब्यात लसणाची पाकळी नाही, तो मला सांगत होता की लसणाचा वास येतोय. आणि त्या खोलीत त्या वासाचा अर्थ काय, हे मला माहीत होतं. मी म्हटलं, "बरं, खाली बघा काय आहे ते. मी तोवर पहिला नमुना लावते."

मामा वाकले.

आवाज मोठा नव्हता. दिवाळीत याहून मोठे होतात. पण तो एकदम आतून आला, टेबलाच्या पोटातून, आणि ज्योत होती तिथं काहीच नव्हतं. बर्नर उडून पंख्याच्या झाकणावर आपटला होता. टेबलाखालचा कॅन उभा फाटला होता. बाटल्या लवंडल्या होत्या आणि सहा विहिरींचं पाणी एकत्र होऊन टेबलाच्या कडेनं ठिबकत होतं. मामा फरशीवर बसले होते, पाय पसरून, लहान मुलं बसतात तसे. डावा गाल लाल, डावी भुवई नाहीच. चष्म्याची डावी काच तडकून जागेवर राहिली होती. डोळा वाचला तो त्या काचेनं. गॉगल कपाळावर होता.

ते माझ्याकडे बघून मोठ्यानं म्हणाले, स्वतःचाच आवाज येत नसल्यासारखे, "ताई, म्या काय मोडलं का ओ?"

मी धावत जाऊन सिलिंडर बंद केला.

दुपारची बैठक झाली. माझ्याऐवजी संघटनेतला एक जण तिथं बसून आला. साहेबांनी टिपण केलं: आकडा उपलब्ध नाही.

इस्पितळात मामी खाटेच्या कडेला बसल्या होत्या. मी दारात उभी राहिले. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "तू हुतीस ना पोरी तितं?"

"होते."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि मामांच्या गालावरचा मलम लावलेला कापूस नीट केला. मला बस म्हणाल्या नाहीत. मी उभीच राहिले.

चौकशी पंधरवड्यात झाली. सरांचा अहवाल आधीच टाइप करून तयार होता: अप्रशिक्षित कर्मचाऱ्याने परवानगीशिवाय ट्रॅप रिकामा केल्याने अपघात झाला. निवृत्तीला काही महिने राहिलेल्या माणसाच्या सेवापुस्तकात हे वाक्य जाणार होतं. मामांना सही करायला बोलावलं. ते उजवा कान पुढे करून ऐकत होते.

"ट्रॅप तुम्ही रिकामा केला?"

"व्हय. म्याच वतला."

"का?"

मामांनी खिशातून लॅमिनेट केलेलं पत्रक काढलं. कपाटावरून सोडवून आणलं होतं, कोपऱ्यांना चिकटपट्टी तशीच. टेबलावर ठेवलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. पेलाभर पाणीसुद्धा सोडू नका.

"ह्यात लिवलंय की सायेब. आन् हे येड्यागबाळ्यानं न्हाय लिवलेलं."

सरांनी पत्रक उलटसुलट केलं. खाली संघटनेचं नाव होतं. ते माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या बघण्यात सुटकेची वाट होती, माझ्यासाठीही आणि त्यांच्यासाठीही. गप्प बसायचं, बस्स.

मी सांगितलं. पत्रक माझं. चहाला मी पाठवलं. तार मी टाकायला लावली, लिहून मी दिलं. सोमवारच्या खुणा शुक्रवारी मी केल्या. वास येतोय हे मामांनी सांगितलं, कारणासकट सांगितलं, आणि मी त्यांना खाली वाकायला लावलं. हे सगळं मी कागदावर लिहून खाली माझं नाव घातलं आणि म्हटलं, हा कागद अहवालाला जोडल्याशिवाय मामा सही करणार नाहीत. मामांना यातलं काही नीट ऐकू गेलं नसावं. पण ते मान हलवत राहिले आणि पेन हातात घेतलं नाही.

कागद जोडला गेला. माझं कंत्राट संपलं, पुढचं आलं नाही. त्याबद्दल तक्रार नाही. मामांच्या सेवापुस्तकात ते वाक्य गेलं नाही, एवढं मात्र मी जाऊन डोळ्यांनी बघून आले. खूण बघून नाही.

दिवाळीच्या सुट्टीत यंत्र दुरुस्त झालं. मी सरांना पत्र लिहिलं: नवा गोळा बसवला का? तार काढली का? उत्तर नाही. दुसरं लिहिलं. फोनवर सर म्हणाले, "येतोय गोळा. तुम्ही आता कशाला त्यात? सगळ्यांना समज दिलीय ना." नव्या मुलीला घेतलंय माझ्या जागी, असंही म्हणाले. हुशार आहे म्हणे. घाई करते म्हणे.

मी ती रात्र आणि पुढचे दोन दिवस तिच्या नावानं घाबरत काढले. मला तिचं नाव ठाऊक नाही.

गेल्या शनिवारी दुपारी मामा माझ्या खोलीवर आले. जिना चढून दम लागला होता. भुवई अर्धी उगवली आहे, पांढरी. डबा घेऊन आले होते. मी म्हटलं, मामा, जेवला नाहीत का? त्यांनी झाकण उघडून माझ्यापुढे धरलं. भाकरी नव्हती. बोटाएवढी लाल तार होती. एका टोकाला पिनेचा ओरखडा.

"कुणी सांगितलं काढायला?"

त्यांनी उजवा कान वळवला. मी मोठ्यानं परत विचारलं.

"कुनी न्हाय. मागलं झाकन चार स्क्रूचं. त्या पुन्याच्या पोरानं काडलं तवा म्या बगितलं हुतं. तवा च्या आनाया गेलो न्हवतो." ते हसले. "आता पेटत न्हाय. पडद्याव लिवून येतंय, पानी कमी. सर लई तापल्यात. नवी पोरगी बटन दाबून दाबून दमली."

मी तार हातात घेतली. काही वजनच नाही. आणि माझ्या मनात पहिलं काय आलं ते लिहिते, लाज वाटते तरी: आता विहिरींचा आकडा अजून लांबला. त्या वस्तीत आजही हंडे भरले जात असतील. मामा माझ्याकडे बघत होते. त्यांना कळलं असावं. म्हणाले, "हिरीचं बगा की दुसरीकडं कुटं तरी. पर तितं ज्योतीफुडं उबं ऱ्हानार ती बी कुनाची तरी पोर हाय."

मी कोरा कागद घेतला आणि ठळक अक्षरांत लिहिलं: 'हे पाणी ओतू नका. हे बूच आहे. हे नसेल तर पेटवू नका. लसणाचा वास आला तर आधी गॅस बंद करा, आणि वास आला असं जो सांगेल त्याचं ऐका.' मामांना मोठ्यानं वाचून दाखवलं, दोनदा. शनिवारच्या पत्रकाशेजारी नाही, ट्रॅपवरच चिकटवतो, मामा म्हणाले. घडी घातली, परत उघडली.

"खाली नाव न्हाय?"

मी माझं नाव लिहिलं.

तो कागद आता तिथं आहे. पण कागदाचं काय होतं ते मला ठाऊक आहे. सरांनी तक्रार नोंदवली आहे, यंत्र विनाकारण पाणी कमी दाखवतंय. सोमवारी इंजिनिअर येणार आहे. मी गेटवर उभी राहणार आहे, आत सोडत नाहीत तरी. गोळा आणलास का, एवढंच त्याला विचारायचं आहे. आणला नसेल तर त्याच्या पिशवीत तारा आहेत, पुष्कळ आहेत, आणि आत कुणीतरी घाईत असेल.